दूरस्थ यंत्रांची आज्ञावली: बदलण्याची रीत व घ्यावयाची दक्षता

बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील शेती बहुतांशी पावसावर अवलंबून आहे. तूर, मूग, उडीद, सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्यास आपल्याच गावी किती पाऊस पडला, याची नोंद हवी असते. हवामानावर आधारित पीक विम्यात भरपाईचा हिशेब अशाच नोंदींवर होतो. या हेतूने कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राने ग्रामपंचायत पातळीपर्यंत सहा हजारांहून अधिक स्वयंचलित पर्जन्यमापके उभारली. सौरऊर्जेवर चालणाऱ्या या यंत्रांनी दर १५ मिनिटांनी मोबाईलच्या जाळ्यामार्फत बेंगळूरला मोजमाप कळवावे, अशी ही योजना आहे.

अशा पर्जन्यमापकात दोन कप्प्यांची एक लहान वाटी असते. ठराविक पाणी साचले की ती कलंडते व विजेचा एक ठोका उमटतो. हे ठोके मोजण्याचे काम सूक्ष्मनियंत्रक नावाची चकती करते. तिने काय करावे हे सांगणाऱ्या अंतर्गत आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. वाटी एकदाच कलंडली असता विजेचा स्पर्श क्षणभर थरथरतो. आज्ञावलीने ही थरथर वगळली नाही, तर एकाचे दोन ठोके मोजले जातात. यंत्र धडधाकट असूनही नोंद मात्र चुकते.

असा दोष दूर करण्यासाठी औरादपासून अफजलपूरपर्यंत प्रत्येक यंत्राजवळ तंत्रज्ञ पाठविणे खर्चाचे व वेळखाऊ असते. म्हणून अशा जोडलेल्या यंत्रांना आज्ञावली दुरूनच पुरविण्याची पद्धत रूढ झाली आहे. यंत्र ठराविक वेळी मध्यवर्ती सर्व्हरला आपला प्रकार व आज्ञावलीचा आवृत्ती-क्रमांक कळविते. नवीन आवृत्ती नसल्यास सर्व्हर तसे सांगतो व संभाषण संपते. असल्यास ती लहान लहान तुकड्यांत धाडली जाते. मध्येच संपर्क तुटला, तर राहिलेल्या तुकड्यापासून काम पुढे सुरू करता येते. हजारो यंत्रांनी एकाच क्षणी मागणी करू नये, म्हणून त्यांच्या वेळाही विभागून दिलेल्या असतात.

येथे वाचकांच्या मनात शंका येईल की, बदल चालू असताना वीज गेली तर काय होईल? जुनी आज्ञावली पुसून त्याच जागी नवी लिहिली जात असेल, तर यंत्र कायमचे मुके होण्याचा धोका असतो. यास्तव स्मृतीचे दोन कप्पे ठेवतात. एकात चालू आज्ञावली अबाधित राहते व नवी दुसऱ्यात उतरविली जाते. ती पूर्ण व बिनचूक आली आहे काय, हे गणिती ठशावरून तपासतात. ती अधिकृत कार्यालयाकडूनच आली आहे काय, हे सांकेतिक स्वाक्षरीवरून पाहतात. त्यानंतर यंत्र नव्या आज्ञावलीवर सुरू होते. ठरलेल्या मुदतीत ते सर्व्हरशी बोलू शकले नाही, तर आपोआप जुन्या आज्ञावलीकडे परतते.

पर्जन्यमापकांच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. नवी आवृत्ती प्रथम प्रयोगशाळेत, मग मोजक्या यंत्रांवर व शेवटी सर्वत्र द्यावी. तीही शक्यतो पावसाळ्यापूर्वी. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेच्या पुराने कलबुर्गी जिल्ह्यातील अनेक गावे वेढली. अशा रात्री यंत्र बंद राहिले, तर चुकलेली नोंद पुन्हा मिळविता येत नाही.

दुरून दुरुस्ती किती लांबवर पोहोचू शकते, याचे उदाहरण व्हॉयेजर १ या अवकाशयानाचे आहे. १९७७ साली निघालेल्या या यानाची एक स्मृतिचकती २०२३ च्या अखेरीस निकामी झाली. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यातील आज्ञावली २४ अब्ज किलोमीटरांवरून स्मृतीच्या अन्य भागांत हलविली.

तथापि सौरपट्टीवरील धूळ किंवा वाटीतील पालापाचोळा कोणत्याही आज्ञावलीने दूर होत नाही. ग्रामस्थांनी पर्जन्यमापकाभोवती झाडझुडूप वाढू देऊ नये, यंत्रास बांधलेली तार वा जनावरांचा उपद्रव आढळल्यास ग्रामपंचायतीस कळवावे. शिक्षकांनी शाळेच्या आवारात साधे पर्जन्यमापक ठेवून विद्यार्थ्यांकरवी रोजचा पाऊस लिहून घ्यावा. यंत्राच्या आकड्याशी तो ताडून पाहता आला, तर चूक लवकर ध्यानी येईल.