वाइनमध्ये ढोबळी मिरची आली कुठून?

फ्रेंच वाइनच्या वर्णनात लोणी, लिची, काळी मिरी असे शब्द दिसले की वाचणाऱ्याला वाटतं, एकतर हे सगळं वाइनमध्ये घालत असावेत, नाहीतर लिहिणारा फेकत असावा. फेकणारे असतातच म्हणा. पण बोर्दो किंवा बर्गंडीच्या वाइनमध्ये द्राक्षांखेरीज ना फळ पडतं, ना मसाला.

ढोबळी मिरचीचंच घ्या. बोर्दोच्या कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षात मेथॉक्सिपायराझिन नावाची संयुगं असतात आणि ढोबळी मिरचीला वास येतो तोही त्यांच्यामुळेच. लिटरभर वाइनमध्ये ग्रॅमचा काही अब्जांश भाग असला तरी नाकाला पुरतो. द्राक्षं पिकत जातात तसा हा वास उतरतो. त्यामुळे 'ढोबळी मिरची' असं नोंदवणारा बहुधा त्या वर्षी ऊन कमी पडलं, हेही सांगत असतो. उत्तर रोनच्या सिरा वाइनमधला मिरीचा वास रोटंडोन या संयुगाचा. खुद्द काळ्या मिरीतही तेच असतं. बर्गंडीच्या शार्दोनेतलं लोणी ही जीवाणूंची करामत, तर व्हॅनिला ओकच्या पिंपातून येतो.

चव जिभेला कळते, हेही अर्धंच खरं. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच जिभेचं काम. बाकीचं सगळं घशामागून नाकात चढतं. नाक चिमटीत धरून घोट घ्या, लिची गायब! 'फ्रूटी' म्हणजे गोड, हाही असाच घोटाळा. अल्सासच्या गेवुर्ट्सट्रामिनरला लिचीचा घमघमाट असतो, तरी तिच्यात साखर जवळजवळ नसूही शकते.

शाब्लीच्या मळ्यांखाली शिंपल्यांचे जीवाश्म असलेला चुनखडक आहे. तिथल्या वाइनमध्ये 'दगडाची चव' लागते म्हणतात. लागत असेल, पण खडकाची चव मुळांवाटे पेल्यात चढत नाही.

मग जाणकारांचं नाक तरी पक्कं? २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोर्दोमध्ये वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, पण त्यात वास नसलेला लाल रंग मिसळून. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. नाकाआधी डोळ्यांनी निकाल दिला होता. मला यात विद्यार्थ्यांची फजिती दिसत नाही; रंग, किंमत आणि लेबल आपल्या सगळ्यांच्याच तोंडी शब्द घालतात.

तेव्हा नोंद करायची तर बाटली आधी कागदात गुंडाळा. लुआरचं सोव्हिन्यों ब्लां हे द्राक्ष नाशिकलाही होतं. ढोबळी मिरची हुंगून पाहायला तेही चालेल. आणि कॅसिस, म्हणजे ब्लॅककरंट, कधी खाल्लेलंच नसेल तर उगाच 'कॅसिस' लिहू नका. जांभूळ आठवलं, तर जांभूळच लिहा.