आज मासा गळाला का लागत नाही?

भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा! जवाहरनगरातून सायकल घेऊन गावांकडे निघालात, की कुठे ना कुठे बोडी किंवा तलाव दिसणारच. आपण ज्यांना मामा तलाव म्हणतो, त्या माजी मालगुजारी तलावांपैकी कितीतरी कोहळी लोकांनी काही शतकांपूर्वी बांधले आणि आजही ढिवर बांधव तिथे जाळी टाकतात.

पाळीवर गळ टाकून बसणाऱ्या कुणालाही विचारा. तोच तलाव, तोच गळ, तेच गांडूळ. पण एखाद्या दिवशी टाकल्या टाकल्या मासा ओढतो, आणि एखाद्या दिवशी बसून बसून पायाला मुंग्या येतात तरी दोरी हलत नाही. मासे तर तिथेच आहेत! मग त्यांची भूक जाते कुठे?

तुमचं-आमचं अंग आतून ३७ अंशांच्या आसपास असतं. बाहेर जानेवारीचा गारठा असो की मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन. माशाचं तसं नाही. पाणी १८ अंश, तर मासाही जवळजवळ १८ अंश. पाणी ३० झालं, की मासाही ३०. आणि अन्न पचवणारे रस थंडीत संथ होतात. हिवाळ्यात दही लागायला किती वेळ लागतो, आठवतं ना? माशाच्या पोटातही तसंच. पाणी साधारण दहा अंशांनी तापलं, की त्याच्या शरीराचा कारभार जवळपास दुप्पट वेगाने चालतो, अर्थात त्याला सोसवेल तोपर्यंतच. रोहू, कतला आणि मृगळ यांना साधारण २५ ते ३२ अंशांचं पाणी मानवतं. तेव्हा ते दणकून खातात.

आणखी एक गंमत सांगतो. या तिघांना जठरच नसतं! घशातून थेट लांबलचक आतडं. दातही जबड्यात नाहीत, घशात आहेत. एकदाच पोटभर खाऊन ठेवायची सोय नाही, म्हणून दिवसभर थोडं थोडं खात राहायचं. थंडीत आतड्यातलं अन्नच लवकर पुढे सरकत नाही. मग गांडूळ नाकासमोरून गेलं तरी त्याचं काय!

मग मे महिन्यात तर मेजवानीच हवी? तिथे वेगळीच अडचण येते. मासा श्वास घेतो तो पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर, आणि पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना साडेसात. म्हणजे तापलेल्या माशाला प्राणवायू हवा जास्त, पण पाण्याजवळ असतो कमी. त्यात अन्न पचवायलाही प्राणवायू खर्च होतो. मग मासा खाणंच आवरतं घेतो.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल, तर उन्हाळ्यात मोठ्या माणसाला सोबत घेऊन अगदी पहाटे पाळीवर जा. पाण्यातल्या शेवाळाने आणि इतर वनस्पतींनी रात्रभर श्वसन केलेलं असतं, ऊन नसल्याने नवा प्राणवायू तयार झालेला नसतो. अशा पहाटे कधीकधी पाण्यावर गोल गोल तोंडं दिसतात. उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. ते मासे खात नसतात. हवेला टेकलेल्या अगदी वरच्या पातळ थरात थोडा जास्त प्राणवायू असतो, तो ते कल्ल्यांवरून नेत असतात. ऊन वर आलं, शेवाळ कामाला लागलं, की तोंडं खाली जातात. दोन-तीन दिवस आभाळ गच्च राहिलं तरी हीच पाळी येते, म्हणून जाणते मत्स्यपालक अशा दिवसांत खाद्य कमी टाकतात किंवा थांबवतात. मरळ मात्र निवांत! ती वर येऊन चक्क हवेतला श्वास घेते.

पावसाळ्याची सुरुवात झाली, की तलाव बदलतो. पाणी निवतं, वाऱ्याने घुसळलं जातं, शेतांतून किडे आणि गांडुळं वाहून येतात. माशांना भूकही असते आणि खायलाही असतं.

पुष्कळजण म्हणतात, पावसाआधी हवेचा दाब उतरतो, तो माशाला कळतो आणि म्हणून तो खातो. मला हे पटत नाही. दाब १० हेक्टोपास्कलने उतरला, तर माशाला तो पाण्यात फक्त १० सेंटिमीटर वर आल्याएवढा जाणवेल. तेवढं तर तो दिवसातून कितीदा तरी वर-खाली करतो! मला वाटतं, खरं काम करतात ते ढगांनी मंदावलेला उजेड, वारा आणि निवलेलं पाणी.

घरी किंवा शाळेत काचेच्या टाकीत मासे असतील तर एक करून बघा. एकच मासा निवडा आणि त्याच्या कल्ल्यांवरचं झाकण एका मिनिटात किती वेळा उघडतं ते मोजा. सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि शेजारी पाण्याचं तापमान लिहा. टाकीत गरम पाणी किंवा बर्फ मात्र ओतू नका, एकदम झालेला बदल माशाला सोसत नाही. डिसेंबरमध्ये पुन्हा मोजा, आणि टाकलेल्या खाद्यातलं किती तळाशी उरतं तेही वहीत टिपा.