इंग्रज घेतो, आपण देतो

गेल्या पावसाळ्यात माझा एक भाचा हातात एक पत्र घेऊन घरी आला. परदेशातल्या एका विद्यापीठाकडे त्याने शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता, त्याचे ते उत्तर. चेहरा उतरलेला. म्हणाला, “मामा, हे लोक माझ्याकडून काय घेणार आहेत, तेच कळत नाही.” पत्रातले वाक्य असे होते : ‘वुई टेक इट दॅट यू हॅव वर्क्ड ॲज ॲन एक्झॅमिनर.’ आणि पुढे, या अनुभवाचा दाखला पंधरा दिवसांत पाठवावा, अशी सूचना.

परीक्षक म्हणून हा मुलगा एक दिवसही कुठे बसलेला नव्हता. मी त्याच्या अर्जाची प्रत मागवून घेतली. त्यात त्याने मोठ्या अभिमानाने लिहिले होते, ‘आय हॅव गिव्हन मेनी एक्झॅमिनेशन्स.’ घोटाळा इथे होता. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि मास्तर परीक्षा घेतात. इंग्रजाकडे हे बरोबर उलटे आहे. तिथे मास्तर परीक्षा ‘गिव्ह’ करतात आणि विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. तेव्हा पत्र वाचणाऱ्याने सरळ अर्थ लावला, की या उमेदवाराने पुष्कळ विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेतल्या आहेत. आता दाखला आला नाही तर अर्ज खोटा ठरायचा.

याला मुलाचे अज्ञान म्हणून सोडून देता येत नाही. त्याचे इंग्रजी व्याकरण चोख आहे. त्याने विचार मराठीत केला, एवढेच. मराठीचा विचारही काही वेडगळ नाही. जबाब, मुलाखत, परीक्षा, हे सगळे आपल्या दृष्टीने एकाच जातीचे. वर बसलेला माणूस मागतो आणि घेतो. समोरचा आपल्याजवळचे काढून देतो. विद्यार्थी तीन तास घाम गाळून उत्तरे देतो, म्हणून परीक्षाही देतो. इंग्रजाची नजर दुसरीकडे आहे. त्याला परीक्षा ही औषधासारखी वाटते. वरून जे वाट्याला येईल ते मुकाट्याने घ्यायचे. दोघांनीही पाहिले ते एकच, पण उभे राहिले दोन बाजूंना. हिंदीत आणि गुजरातीतही विद्यार्थी परीक्षा देतोच. त्यामुळे आपल्या देशात ‘गेव्ह द एक्झॅम’ म्हटल्याने कोणाचे काही अडत नाही, आणि त्यासाठी कोणाला हसावे असेही मला वाटत नाही. अडते ते समुद्रापलीकडे.

आता हा ‘टेक’ शब्द जरा हाताळून पाहू. शाळेत आपण पाठ केले, टेक म्हणजे घेणे. औषध घेणे, रजा घेणे, श्वास घेणे, शपथ घेणे, इथपर्यंत दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. लिहून घेणे याला ‘टेक डाउन’ म्हणतात, तेही जुळते. मग हात सुटतो. इंग्रज फोटो ‘टेक’ करतो, आपण तो काढतो. तो बस ‘टेक’ करतो, आपण बसने जातो. पुण्यात बस घेणारा माणूस म्हणजे ट्रॅव्हल कंपनीचा मालक! नवातून पाच ‘टेक’ केले की आपल्याकडे ते वजा होतात. रोप मूळ ‘टेक’ करते, आपल्याकडे धरते. मुलगी आईच्या वळणावर गेली, यालाही ‘टेक’ आणि पुढे ‘आफ्टर’. विमान उडाले तर ‘टेक ऑफ’, कोट काढला तर ‘टेक ऑफ’, आणि कोणाची हुबेहूब नक्कल केली तरीही ‘टेक ऑफ’.

उलट बाजूने पाहा. लक्ष्मी रोडवरून आलेली बाई सहज म्हणते, ‘ही साडी कालच घेतली.’ त्यात पैसे मोजल्याचे आपण धरूनच चालतो. हेच वाक्य ‘आय टुक धिस सारी’ असे केले, तर ऐकणारा इंग्रज विचारील, कोणाची? लग्नात नवरी नाव घेते, गवई तान घेतो, मित्र फिरकी घेतो, गवताची गंजी पेट घेते. यांतल्या एकाही ठिकाणी ‘टेक’ सुखाने बसत नाही. आणि भांडणात ‘पाहून घेईन’ म्हणतात, तिथे तर पाहणेही नाही आणि घेणेही नाही, नुसती धमकी आहे.

तुम्ही म्हणाल, एका शब्दाला इतके अर्थ ठेवून इंग्रजांनी आपल्याला छळले आहे. पण हाच छळ आपणही करतो, फक्त आपल्याला तो जाणवत नाही. स्वारगेटहून साताऱ्याच्या गाडीत बसा. थोड्या वेळाने कात्रजचा घाट लागतो. एखाद्याला गाडी लागते. खेड-शिवापूरला टोल लागतो. खिडकीतून वारा लागतो, मग डोळा लागतो. जाग येते तेव्हा भूक लागलेली असते. शेजारच्याशी बोलता बोलता तो आपला दूरचा मावसभाऊ लागतो असे निघते. त्याच्या मुलाला नोकरी लागलेली असते, मुलीचा निकाल लागायचा असतो. दोन-अडीच तास लागून सातारा येते. या सगळ्या प्रवासातला फक्त शेवटचा ‘लागणे’ इंग्रजीत ‘टेक’ होतो : ‘इट टेक्स टू अवर्स.’ बाकीच्यांसाठी परक्या माणसाला निराळे शब्द शोधावे लागतील. आणि हे ‘शोधावे लागतील’मधले लागणे तर आणखीच वेगळे, त्याचा अर्थ नाइलाज!

या दोन शब्दांच्या पोटात एक गंमत दडलेली आहे. ‘लागणे’ हे संस्कृतातल्या लग् धातूपासून आले. चिकटणे, स्पर्श होणे हा त्याचा अर्थ. लग्न, लगत, लागण ही त्याच घरातली मंडळी. ‘टेक’ हा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हे. नवव्या-दहाव्या शतकांत इंग्लंडच्या पूर्व भागात येऊन राहिलेल्या नॉर्स लोकांनी तो आणला. त्याआधी इंग्रज घेण्याला ‘निमन’ म्हणत. पाहुण्याने घरमालकाला बाहेर काढले. थंडीने बधिर झालेल्या बोटांना जो ‘नम’ शब्द लावतात, त्यात तेवढी त्या मालकाची खूण उरली आहे. ‘टेक’च्या सोयऱ्यांपैकी गॉथिक या जुन्या भाषेत एक क्रियापद आहे, त्याचा अर्थ नुसता स्पर्श करणे असा होतो. म्हणजे आपले ‘दोन तास लागतात’ आणि त्यांचे ‘टेक्स टू अवर्स’, दोघांच्याही मुळाशी स्पर्शच आहे. दोन्हीकडे स्पर्शावरून अर्थ पुढे सरकत गेले, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर. मधल्या पायऱ्या झिजून गेल्या, आणि आपल्या हाती सुटे सुटे अर्थ राहिले.

या पायऱ्या उतरून पाहण्याचे काम आपल्या पुण्यात झाले आहे. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला. त्यात त्यांना मदत करणाऱ्यांपैकी टॉमस कँडी हे पुढे इथल्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख झाले. मोल्सवर्थ प्रकृतीमुळे विलायतेला परतल्यावर इंग्रजी-मराठी कोशाचे अर्धे राहिलेले काम कँडींनी तडीस नेले आणि तो कोश 1847 मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीतून इंग्रजीत जाताना एक ‘लागणे’ फोडायचे; इंग्रजीतून मराठीत येताना एक ‘टेक’ फोडायचे. पहिल्या कामात साहेबाची मातृभाषा हाताशी होती, दुसऱ्यात नव्हती. अशा वेळी एका शब्दापुढे एक प्रतिशब्द मांडून चालत नाही. प्रत्येक अर्थ आधी थोडक्यात उलगडायचा आणि मग त्याखाली मराठी शब्द द्यायचे. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात सात भागांत पुण्यातूनच निघाला. डेक्कन कॉलेजात 1948 साली सुरू झालेल्या संस्कृत महाकोशासाठी सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमवल्या आहेत. पहिला खंड यायला 1976 साल उजाडले. इंग्रजांचा ऑक्सफर्डचा कोश 1928 मध्ये पुरा झाला, तेव्हा त्यातली सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या तीन अक्षरी क्रियापदाची होती. अलीकडे ‘रन’ची नोंद नव्याने करताना सव्वासहाशेहून अधिक अर्थ निघाले. शब्द जितका लहान आणि घरगुती, तितकी कोशकाराची झोप उडते.

मग शिकणाऱ्याने काय करावे? ‘टेक’चे पन्नास अर्थ पाठ करू नयेत, हे मी अनुभवाने सांगतो. मी स्वतः ते करून पाहिले आहे. ऐन वेळी आठवतो तो भलताच. ‘टेक’ एकटे शिकूच नये. ‘टेक अ बस’, ‘टेक ॲन एक्झॅम’, ‘टेक अ फोटो’ अशी जोडी शिकावी, जशी आपण ‘ठेच’ शिकताना ‘लागते’ही बरोबरच शिकलो. आपल्या आईने आपल्याला ‘लागणे’चे अर्थ कधी सांगितले नव्हते. ती नुसती विचारायची, “भूक लागली का रे?”

भाच्याच्या पत्रातल्या ‘वुई टेक इट’चा उलगडा एव्हाना तुम्हाला झालाच असेल. तिथे टेक म्हणजे समजणे : आम्ही असे धरून चालतो की आपण परीक्षक होता. आम्ही दोघांनी बसून उत्तर लिहिले. त्या परीक्षा मी ‘गिव्ह’ केल्या नव्हत्या, ‘टेक’ केल्या होत्या. आमच्या भाषेत विद्यार्थी परीक्षा देतो, त्यामुळे ही चूक झाली, असे स्पष्ट लिहिले आणि सोबत गुणपत्रिकांच्या प्रती जोडल्या. लिफाफा चिकटवता चिकटवता त्याने विचारले, “मामा, पत्र पोहोचायला किती दिवस लागतील?” आणि लगेच स्वतःच हसला.