जुन्या इंजिनाला नवा मेंदू

ब्रिटनमधील अनेक घरांच्या माळ्यांवर आजही एखादे पुठ्ठ्याचे खोके असते आणि त्यात १९५० किंवा १९६०च्या दशकातील ट्राय-अँग कंपनीचे आगगाडीचे इंजिन असते. वडिलांनी घेतलेले, मुलाने मनसोक्त फिरवलेले आणि मग विसरले गेलेले. ते रुळांवर ठेवले तर बहुधा आजही धावते. अडचण येते ती नातवाच्या नव्या मांडणीवर. तिथले रूळ डिजिटल झालेले असतात आणि आजोबांच्या इंजिनाला त्यांची भाषा समजत नाही.

जुन्या पद्धतीचे तत्त्व सोपे होते. रुळांत शून्य ते बारा व्होल्टचा एकदिश प्रवाह सोडायचा. दाब वाढवला की वेग वाढतो, दिशा उलटवली की इंजिन मागे जाते. मात्र एका रुळावर दोन इंजिने ठेवली, तर दोन्ही एकदमच धावू लागतात. म्हणून रुळांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाला वेगळे बटण द्यायचे, असा खटाटोप करावा लागे. पुण्यात कोथरूडमधील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना एकाच मांडणीवर अनेक गाड्या खेळवण्यातील मौज ठाऊक असेलच.

डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजेच ‘डीसीसी’ पद्धतीने हा प्रश्न मुळातूनच बदलला. जर्मनीतील लेन्झ कंपनीने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती विकसित केली आणि अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने पुढील दशकात तिला मानकाचे रूप दिले. या पद्धतीत रुळांवर विजेचा पूर्ण दाब सतत असतो, पण त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटत राहते. ही उलटापालट हाच संदेश. अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची असली तर तो ‘एक’, सुमारे १०० किंवा त्याहून अधिक असली तर ‘शून्य’. इंजिनाच्या पोटातील डीकोडर नावाची नखाएवढी चकती हे आकडे वाचते, आपल्या क्रमांकाला उद्देशून असलेला हुकूम तेवढा उचलते आणि मोटरला वीज पुरवते. बाकीच्या इंजिनांना त्याचे सोयरसुतक नसते.

नव्या इंजिनांत डीकोडर बसवण्यासाठी बहुधा तयार खोबण असते. झाकण उघडा, खटका दाबा, काम संपले. जुन्या इंजिनात मात्र खरी परीक्षा असते, आणि तिचे कारण आहे काटकसर. ट्राय-अँगच्या ‘एक्स-०४’ या प्रसिद्ध मोटरमध्ये कार्बनचे दोन ब्रश एकाच तारेच्या स्प्रिंगने दाबून धरलेले असतात. स्प्रिंगच्या एका टोकावर विद्युतरोधक नळी असते, दुसरे उघडे. त्या उघड्या टोकातून वीज सरळ धातूच्या सांगाड्यात आणि तिथून एका बाजूच्या चाकांत जाते. सांगाडाच तार म्हणून वापरला, की एक तार वाचली! त्या काळी ही युक्ती निर्दोष होती. डीकोडरच्या दृष्टीने मात्र ती प्राणघातक आहे. मोटरचे एक टोक जरी रुळाशी थेट जोडलेले राहिले, तरी पहिल्याच क्षणी डीकोडर धूर सोडतो आणि मग त्यावर इलाज नसतो.

म्हणून पहिले काम मोटर सांगाड्यापासून संपूर्ण विलग करण्याचे. स्प्रिंगच्या दुसऱ्या टोकावरही तशीच नळी चढवायची. मग मल्टीमीटर घेऊन दोन्ही ब्रश आणि दोन्ही बाजूंची चाके यांच्यात कुठेही जोड उरलेला नाही, याची खात्री करायची. ही तपासणी कंटाळवाणी आहे, पण घाईने ती टाळणाऱ्याला नवा डीकोडर विकत घ्यावा लागतो. त्यानंतर तारा. त्यांचे रंगही ठरलेले आहेत : लाल व काळी रुळांकडून, नारिंगी व करडी मोटरकडे, पांढरी व पिवळी दिव्यांकडे, निळी दिव्यांची सामाईक. मोटरला आवाजविरोधी कपॅसिटर जोडलेला असल्यास तो काढून टाकणे इष्ट.

दुसरा प्रश्न मोटरच्या भुकेचा. जुने चुंबक काळाच्या ओघात क्षीण होतात आणि मोटर अधिक प्रवाह ओढू लागते. चाके क्षणभर रोखून धरली असता ती किती अँपिअर घेते, ते आधी मोजावे, आणि त्याहून अधिक क्षमतेचाच डीकोडर निवडावा. चुंबक बदलून निओडिमियमचा बसवला तर भूक कमी होते आणि चालही सुधारते. चाकांवरील काजळी, वाळलेले तेल, झिजलेले ब्रश यांची दुरुस्ती त्याआधीच व्हायला हवी. साध्या विजेवर जे इंजिन धडपणे चालत नाही, ते डिजिटलवर सुधारेल ही आशा व्यर्थ होय.

हे सर्व करावे की नाही, यावर छंदिष्टांत एकमत नाही. डीकोडरची किंमत कित्येकदा जुन्या इंजिनाच्या बाजारभावाच्या बरोबरीची होते. खोक्यासह मूळ अवस्थेत असलेला दुर्मीळ नमुना उघडून त्यात डाख देणे, हे संग्राहकाला पाप वाटते, आणि ते चुकीचे नाही. पण ज्याचा रंग उडाला आहे, खोके केव्हाच हरवले आहे, अशा इंजिनाला कपाटात ठेवून कोणाचे भले होणार? काढलेली स्प्रिंग आणि जुना चुंबक पाकिटात जपून ठेवले, तर पुढे कोणीही ते पूर्ववत करू शकतो.

झाकण बसवण्यापूर्वी इंजिन मुख्य मार्गावर नव्हे, प्रोग्रॅमिंगच्या वेगळ्या रुळावर ठेवायचे. तिथे प्रवाह मर्यादित असल्याने चूक राहिली असली तरी डीकोडर बहुधा वाचतो. कारखान्यातून आलेल्या डीकोडरचा क्रमांक ३ असतो. तो वाचता आला म्हणजे जोडणी ठीक. मग इंजिनावर रंगवलेलाच क्रमांक त्याला द्यायचा आणि मुख्य मार्गावर आणून नियंत्रकाची कळ हलकेच फिरवायची.