चाकांतील हवा आणि वैशाखांतील प्रवास

वैशाख लागला कीं भंडारा जिल्ह्यांतील घराघरांत लग्नपत्रिका जमूं लागतात, आणि कधीं नागपूरला, कधीं साकोलीला, तर कधीं पवनीला सहकुटुंब जाण्याचे प्रसंग येतात. गृहिणी दशम्या बांधून घेते, पाण्याचे तांबे भरते, मोटार धुऊन लख्ख होते. परंतु साऱ्या कुटुंबाचा भार ज्या चार चाकांवर पडावयाचा, त्यांतील हवेची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं.

आमची तर विचारपूस करूनही फजिती झाली. एकदां मे महिन्यांत नागपूरहून परततांना भर दुपारीं आम्हीं वाटेंत हवा तपासविली. कांटा ३८ पौंड दाखवीत होता. मोटारीच्या दारालगतच्या पट्टीवर ३३ लिहिलेले. जास्त झाली म्हणून पांच पौंड हवा सोडविली व समाधानानें घरीं आलों. दुसऱ्या दिवशीं पहाटे पवनीस निघतांना शेजारचे काका चाकाकडे पाहून म्हणाले, "अहो, चाकें बसलीं आहेत. मुलाबाळांना घेऊन असे निघूं नका." मापून पाहतों तों अवघे २८!

चूक कोठें झाली? पट्टीवरील आंकडा थंड चाकाचा असतो. उन्हानें व घर्षणानें टायर तापला कीं आंतील हवेचा दाब वाढतो. तपमान साडेपांच अंश सेल्सिअसनें चढलें कीं सुमारें एक पौंड, असें हें स्थूल प्रमाण आहे. म्हणजे दुपारची ती वाढ स्वाभाविक होती. आम्हीं मात्र ती दोष समजून हवा काढून टाकली.

हवा जास्त झाल्यानेंच टायर फुटतो, ही समजूत अपुरी आहे. कमी हवेच्या टायराच्या बाजू प्रत्येक फेऱ्यास वांकतात, त्या वांकण्यानें आंतून उष्णता वाढत जाते, आणि भरधाव वेगांत अखेर टायर फाटतो. अति हवेनें पकड कमी होते व मधला भाग झिजतो. अल्प हवेनें दोन्ही कडा झिजतात, व इंधनही अधिक लागतें.

म्हणून महिन्यांतून एकदां, व लांबच्या प्रवासापूर्वीं अवश्य, मोटार निदान तीन तास उभी राहिल्यावर सकाळीं दाब मोजावा. माणसें व सामान भरपूर असल्यास पट्टीवर पूर्ण भाराचा निराळा आंकडा असतो, तो पाळावा. टायराच्या अंगावर कोरलेला आंकडा हा कमाल मर्यादेचा. तो भरावयाचा नव्हे. व्हॉल्व्हची टोपी पुन्हा लावावी. आणि स्टेपनीस विसरूं नये. हें नांव वेल्समधील लॅनेली गांवच्या स्टेपनी रस्त्यावरून आलें. तेथें विसाव्या शतकाच्या आरंभीं जादा चाकें तयार होत. संकटांत कामास यावयाची स्टेपनीच बसलेली निघाली, तर तिचा उपयोग काय?

खिशांत मावेल असें दाबमापक फार महाग नसतें, व मोजण्यास पांच मिनिटें पुरतात. आमच्या घरीं आतां हें काम थोरल्या मुलीकडे आहे. ती चारही आंकडे वहींत टिपून ठेवते. जुना गाडीवान आंसास वंगण घातल्यावांचून गाडी जुंपीत नसे. वाहन बदललें, तरी मागें बसलेलीं माणसें तींच आहेत.