आडनाव एक, राजवाडे अनेक

रोमन लिपीतल्या ग्रंथसूचीत ‘व्ही. के. राजवाडे’ शोधावेत, तर ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ आणि भांडारकर संस्थेने १९४० साली काढलेले यास्काचे निरुक्त शेजारी येतात. साधने इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथांची. निरुक्त त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ यांचे. देवनागरीत वि. का. आणि वै. का. निदान वेलांटी-मात्रांनी वेगळे पडतात. रोमनमध्ये तेवढाही आधार नाही, आणि वडिलांचे नावही एकच! मग वैजनाथांची वेदविद्या धाकट्या भावाच्या खाती जमा होते. इतिहासाचार्य तर १९२६ सालीच वारले होते. सूचीकारांनी पूर्ण नाव लिहावे, एवढेच मागणे. नासदीय सूक्ताचे भाष्यकार आहिताग्नी शंकर रामचंद्र राजवाडे या गोंधळातून सुटले, ते आद्याक्षरांच्या कृपेने.