लहान सुतारशाळा उभारताना : आधी जागा आणि धार, मग यंत्रे

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांमध्ये सुतारकामाचा समावेश आहे. हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि पहिल्या टप्प्यात तारणाविना १ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज अशी तरतूद असल्याने, आजवर दुसऱ्याच्या हाताखाली रोजंदारीवर काम करणारे अनेक कारागीर स्वतःची लहान कार्यशाळा उभारण्याचा विचार करू शकतात. मात्र हाती आलेली पहिली रक्कम कशावर खर्च करायची, यावर त्या कार्यशाळेचे पुढचे भवितव्य बरेचसे ठरते. मोठे यंत्र घेतले आणि ते चालवण्याइतकी जागा वा वीज नसली, तर यंत्र कोपऱ्यात पडून राहते आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. ५ टक्के व्याजाने १८ महिन्यांत फेडायच्या १ लाखाच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ५ हजार ८०० रुपये होतो.

कार्यशाळेत काय तयार होणार, हा पहिला प्रश्न आहे. उत्तर प्रदेशातील सहारनपूरच्या शिसमी कोरीव कामाला पटाशांचा मोठा संच लागतो. कर्नाटकातील चन्नपट्टणची लाखेच्या रंगातील खेळणी काळ्या कुड्याच्या लाकडापासून लेथवर कातली जातात. तेथे लेथ हेच मुख्य साधन. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पांगाऱ्याचे हलके लाकूड वापरले जात आले आहे. शहरांमध्ये आज सर्वाधिक मागणी असते ती प्लायवूडच्या कपाटांना आणि स्वयंपाकघरातील मांडणीला. या चारही कामांची हत्यारे वेगळी आहेत. ‘सर्व काही करता येईल’ अशा हेतूने केलेली खरेदी बहुधा सर्वांत महाग पडते.

त्यानंतर जागेचा हिशेब येतो आणि तो नेमका इथेच चुकतो. प्लायवूडचा प्रचलित तक्ता ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद असतो. टेबलावर बसवलेल्या वर्तुळाकार करवतीवर तो लांबीत कापायचा झाल्यास पात्याच्या अलीकडे ८ फूट आणि पलीकडे ८ फूट मोकळी जागा लागते. म्हणजे यंत्र दोन-तीन फुटांचे असले तरी खोली १८ ते २० फूट लांब हवी. दहा बाय पंधराच्या गाळ्यात हे शक्य नाही. अशा ठिकाणी तक्ता जमिनीवर फळ्यांच्या आधाराने आडवा ठेवून, सरळ पट्टीच्या कडेने हाती धरायची विजेची करवत चालवणे अधिक शहाणपणाचे ठरते. तक्ता हलत नाही, करवत हलते. जागा निम्म्याहून कमी लागते.

यंत्रांच्या आधी कामाचे मेज हवे. आपल्याकडील जुने सुतार जमिनीवर बसून, पायाच्या पंजाने लाकूड दाबून धरत काम करीत आले आहेत. त्या पद्धतीत जागा वाचते, पण गुडघे व कंबर झिजतात आणि लांब फळीला रंधा मारणे अवघड जाते. मेज जड आणि न हलणारे असावे. उभे राहून हात सैल सोडल्यावर मनगट जेथे येते, तेवढी त्याची उंची रंधा मारण्यास सोयीची असते. त्याला एक मजबूत शिकंजा बसवला की निम्मे काम सुकर होते. सोबत करवत, रंधा, तीन-चार मापांच्या पटाशा, गुण्या, हातोडी, मोजपट्टी, पकडण्याचे क्लॅम्प आणि निसणा एवढ्यावर काम सुरू होऊ शकते.

यातील निसण्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. बोथट पटाशीला जास्त जोर लावावा लागतो, जोर लावताच ती सटकते आणि दुसऱ्या हातात घुसते. हातावर घेतलेल्या लहान धारदार हत्याराने होणाऱ्या जखमांचे हे नेहमीचे कारण. महागडा रंधा आणि धार लावण्याचा आळस यापेक्षा साधा रंधा आणि दोन प्रतींचा चांगला दगड केव्हाही बरा.

यंत्रांमध्ये ड्रिल आणि हाती धरायची वर्तुळाकार करवत ही पहिली जोडी. येथे एका प्रचलित पण घातक सवयीचा उल्लेख आवश्यक आहे. पैसे वाचवण्यासाठी फरशी कापण्याच्या यंत्राला किंवा ग्राइंडरला लाकूड कापण्याचे दातेरी पाते बसवले जाते. लहान मार्बल कटरचे पाते मिनिटाला सुमारे १३ हजार फेऱ्या घेते. लाकडाच्या सात इंची करवतीचे पाते साधारण ५ हजार ते साडेपाच हजार. जास्त वेगाच्या यंत्रावर त्या वेगासाठी न बनवलेले पाते लावले, तर त्याचे दात निखळून उडू शकतात. ग्राइंडरवर तर पात्याभोवती खाली सरकणारे संरक्षक आवरणही नसते.

हातकरवत उलटी करून फळकुटाखाली बसवणे आणि तिचे टेबल बनवणे, ही दुसरी सवय. कापत असताना लाकडातील ताण मोकळा होतो आणि चीर मागच्या बाजूने मिटू लागते. ती पात्याला चिमटते, पात्याच्या मागच्या बाजूचे वर येणारे दात लाकूड उचलतात आणि ते कारागिराच्या दिशेने जोरात फेकले जाते. लाकडाबरोबर हातही पात्यावर ओढला जाऊ शकतो. कारखान्यात बनलेल्या टेबल करवतीत पात्यामागे पातळ पोलादी पट्टी असते. ती चीर उघडी ठेवते. घरगुती जुगाडात नेमकी तीच नसते. बोट गमावलेला सुतार शोधायला फार लांब जावे लागत नाही, हे या व्यवसायातील कटू वास्तव आहे. पाते फिरत असताना हातमोजे घालू नयेत, कारण कापड दातांत अडकले की हात आत खेचला जातो. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच.

विजेबाबत थोडक्यात सांगायचे तर, १४०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर वीज घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे स्वतंत्र १६ अँपिअरचे सॉकेट, खरे अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा गळतीरोधक स्विच या तीन गोष्टींत काटकसर नको. मोठे रंधा यंत्र घ्यायचे असल्यास थ्री-फेज जोडणी मिळेल का, हे यंत्राआधी विचारावे.

भुसा हा केवळ केराचा विषय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीची गणना मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केली. नाक आणि नाकाजवळच्या पोकळ्यांमधील कर्करोगाशी तिचा संबंध आढळला आहे. जमिनीवर पडणारा जाड भुसा त्या मानाने निरुपद्रवी. घासकामातून उडणारी, डोळ्यांना न दिसणारी धूळ तासन्‌तास हवेत तरंगते आणि झाडूने ती पुन्हा उठते. यंत्राच्या तोंडाशीच धूळ खेचणारे साधन, समोरासमोर दोन खिडक्या आणि एन-९५ दर्जाचा मास्क यांचा खर्च एका बऱ्या ड्रिलपेक्षा फारसा अधिक नाही. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा गोळा करून ठेवल्यास त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

लाकूड साठवण्यासाठीही भिंत राखून ठेवावी लागते. लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते व आकसते. म्हणूनच भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २८७ या मानकात देशाचे हवामानानुसार चार विभाग करून प्रत्येकासाठी ओलाव्याची मर्यादा वेगळी दिली आहे. कोकणात पावसाळ्यात जुळवलेले दार विदर्भाच्या उन्हाळ्यात सांध्यांतून उघडते, ते याच कारणाने. वखारीतून आणलेले लाकूड जमिनीपासून उचलून, थरांमध्ये पट्ट्या घालून काही आठवडे कार्यशाळेतच मुरू द्यावे.

गोल ओंडके चिरण्याचा बेत असेल, तर वनखात्याचे नियम आडवे येतात. लाकूड-आधारित उद्योगांसाठी केंद्राने २०१६ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पट्टा करवत आणि ३० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाची वर्तुळाकार करवत यांचा परवान्याच्या संदर्भात स्वतंत्र विचार केलेला आहे. राज्यांचे नियम वेगवेगळे असल्याने यंत्र मागवण्यापूर्वी वनविभागाच्या कार्यालयात चौकशी करणे आणि लाकूड खरेदीच्या पावत्या जपून ठेवणे इष्ट.

विश्वकर्मा योजनेसाठी नोंदणी सामाईक सेवा केंद्रात आधारच्या साहाय्याने होते आणि एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे असून त्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन मिळते. पहिले कर्ज वेळेवर फेडणाऱ्यांना, डिजिटल व्यवहार अंगीकारल्यास अथवा प्रगत प्रशिक्षण घेतल्यास, ३० महिन्यांत परतफेडीचे २ लाख रुपयांपर्यंतचे दुसरे कर्ज मिळू शकते. जड रंधा यंत्राची खरेदी त्या टप्प्यासाठी राखून ठेवता येते. तोवर दीड वर्षाच्या कामातून ते खरोखर लागते की नाही, हे कारागिराला कळलेले असते.